ज्याने ग्रामोफोन बनवला, त्यालाच अमेरिकेत तो विकता येईना

भोंग्यासमोर कान देऊन बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण तो भोंगा ज्या यंत्राचा आहे, ते शोधणाऱ्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते नाव म्हणजे एमिल बर्लिनर. आज हौसेने टर्नटेबल घेणाऱ्यांना सुईची जी काळजी घ्यावी लागते, तिचं मूळही त्यांच्याच शोधात आहे.

बर्लिनर यांचा जन्म 1851 चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. घरात तेरा भावंडं, त्यामुळे चौदाव्या वर्षीच शाळा सुटली. 1870 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि वॉशिंग्टनमध्ये एका कापडाच्या दुकानात कामाला लागले. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञान शिकलं. 1877 मध्ये त्यांनी टेलिफोनसाठी नव्या प्रकारचा ट्रान्समीटर तयार केला. त्याचे हक्क बेल कंपनीने विकत घेतले.

त्याच वर्षी एडिसन यांचा फोनोग्राफ आला होता. त्यात आवाज सिलिंडरवर कोरला जायचा, सुई वर-खाली हलायची आणि तिला पुढे सरकवायला वेगळा स्क्रू लागायचा. बर्लिनर यांनी 1887 मध्ये वेगळ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांची सुई डावी-उजवीकडे हलायची. पुढे त्यांनी सिलिंडर सोडून सपाट तबकडी घेतली. जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यावर रेघ ओढायची आणि उघडं पडलेलं जस्त आम्लाने खोदायचं. अशा एका तबकडीवरून साचा बनवला, की हव्या तेवढ्या प्रती छापता येत.

वाजवताना ही खाचच सुईला पुढे नेते, वेगळा स्क्रू लागत नाही. यंत्र स्वस्त झालं, पण भार आला सुईवर. ती सतत खाचेच्या दोन्ही भिंतींवर घासत राहते.

पुढे तबकड्या लाखेच्या झाल्या. त्यांत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असायची. त्यामुळे स्टीलची सुई झिजून खाचेच्या आकाराची व्हायची. म्हणूनच रेकॉर्डची एक बाजू वाजली की सुई बदलायची, असा नियम होता. सुई स्वस्त, रेकॉर्ड महाग. झिजायचं ते सुईने.

धंदा वाढला तसे खटलेही आले. विक्री सांभाळणाऱ्या फ्रँक सीमन यांच्याशी बिनसलं आणि 1900 मध्ये कोर्टाच्या मनाईमुळे बर्लिनर यांना अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकता येईना. त्यांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये बस्तान हलवलं. त्यांच्यासाठी यंत्रं बनवणारे एल्ड्रिज जॉन्सन यांनी 1901 मध्ये व्हिक्टर कंपनी काढली आणि अमेरिकेत तिचंच नाव झालं. ग्रामोफोन हा शब्दही तिथे मागे पडला.

युरोपात मात्र तो टिकला आणि भारतातही आला. बर्लिनर यांच्या हाताखाली तयार झालेले फ्रेड गाइसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला.

बर्लिनर यांनी पुढे मुलांच्या आरोग्याचं काम हाती घेतलं. दूध तापवून जंतुमुक्त करूनच द्यावं, यासाठी त्यांनी मोहीम चालवली. हेलिकॉप्टरचेही प्रयोग केले. 1929 मध्ये वॉशिंग्टनला त्यांचं निधन झालं.

1948 मध्ये व्हिनाइलची एलपी आली आणि हिशोब उलटला. आजची सुई बहुतेक हिऱ्याच्या टोकाची असते आणि शेकडो तास चालते. पण टोक झिजून कडा धारदार झाल्या, की ती मऊ व्हिनाइल कोरत जाते आणि ते नुकसान भरून येत नाही.

म्हणून रेकॉर्ड लावण्याआधी आवाज बंद करा आणि मऊ ब्रशने सुई मागून पुढे, एकाच दिशेने झाडा. आडवा ब्रश किंवा बोट लावू नका. अधूनमधून चांगल्या उजेडात भिंगातून टोक पाहा. टोकावर चपटे, चकाकणारे भाग दिसले किंवा गाण्यातला ‘स’ चरचरू लागला, तर सुई बदला. सुईवरचं वजन मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच ठेवा. आजोबांच्या 78 च्या रेकॉर्ड वाजवायच्या असतील, तर त्यांच्या रुंद खाचेसाठी वेगळी सुई घ्या.