सायकलपटु यूजेन क्रिस्तोफ

शर्यतींत पहिल्या आलेल्या मनुष्याचें नांव लोक कांहीं काळ स्मरतात व पुढें विसरून जातात. परंतु फ्रान्स देशांत असा एक सायकलपटु होऊन गेला कीं, तेथील सर्वांत मोठी शर्यत त्यास एकदांही जिंकतां आली नाहीं. तरी अनेक विजेत्यांहून त्याचें नांव अधिक आदरानें घेतलें जातें. तो यूजेन क्रिस्तोफ होय.

त्याचा जन्म पॅरिसलगतच्या मालाकोफ या गांवीं ता. २२ जानेवारी १८८५ रोजीं झाला. तरुणपणीं तो कुलुपें बनविण्याचा धंदा शिकला. कानस व हातोडा यांवर त्याचा हात बसला. पुढें सायकलच्या शर्यती हेंच त्याच्या चरितार्थाचें साधन झालें. १९१० सालीं इटलींतील मिलान ते सान रेमो ही शर्यत त्यानें भर बर्फांत जिंकली. त्या दिवशीं शेवटपर्यंत पोंचलेल्यांत अवघ्या चौघांचीच गणना झाली. या श्रमानें तो आजारी पडून त्यास महिनाभर रुग्णालयांत राहावें लागलें.

टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ पासून भरूं लागली. तींत त्या काळीं एक कडक नियम होता : वाटेंत सायकल मोडल्यास ती स्वाराने एकट्यानेंच दुरुस्त करावी, कोणाचेंही साहाय्य घेऊं नये. १९१२ सालीं क्रिस्तोफचा दुसरा क्रमांक लागला होता; म्हणून १९१३ सालीं त्याजकडून मोठी आशा होती. परंतु पिरेनीज पर्वतांतील तूरमाले घाट उतरतांना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्यांत पुढचें चाक बसवितात तो भाग, एकाएकीं मोडला. मागचे स्वार एकामागून एक पुढें निघून गेले. त्यानें सायकल खांद्यावर घेतली व १० किलोमीटरांहून अधिक वाट पायीं चालून सेंत-मारी-द-कांपां या खेड्यांतील लोहाराची भट्टी गांठली.

लोहार जवळच उभा होता, पण त्यानें हात लावावयाचा नव्हता. शर्यतीचे पंच पाहत होते. क्रिस्तोफनें स्वतः लोखंड तापविलें, ठोकलें व चिमटा जोडला. मात्र दोन्ही हात कामांत गुंतल्यामुळें भाता एका मुलानें हालविला. तेवढ्यासाठींही त्यास कांहीं मिनिटांचा दंड झाला! एकंदरींत सुमारें ४ तास गेले. तरी शर्यत न सोडतां तो पॅरिसला पोंचला व सातवा आला.

१९१९ सालीं या शर्यतींत आघाडीच्या स्वारास पिवळा सदरा देण्याची प्रथा सुरू झाली व तो प्रथम क्रिस्तोफनेंच अंगांत घातला. परंतु शेवट अगदीं जवळ आला असतां वालांसिएन गांवाजवळ पुन्हां चिमटा मोडला. पुन्हां त्यानें तो स्वहस्तें जोडला. पण सदरा फिर्मीं लांबो याजकडे गेला व क्रिस्तोफ तिसरा आला. तेव्हां लोकांनीं आपण होऊन वर्गणी जमवून त्यास अर्पण केली. १९२२ सालीं आल्प्स पर्वतांत हाच प्रसंग तिसऱ्यांदा ओढवला. तथापि १९२५ पर्यंत, म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत, तो ही शर्यत धांवत राहिला. १९७० सालीं पॅरिस येथें त्याचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, दंडाचा तो निर्णय योग्य होता काय, याविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु दोन गोष्टी निर्विवाद आहेत. नियम कठोर वाटला तरी क्रिस्तोफनें हातोडा दुसऱ्याच्या हातीं दिला नाहीं. आणि लहानपणीं शिकलेली हातांची विद्या, जी क्षुल्लक वाटावी, तीच आणीबाणीच्या वेळीं त्याच्या उपयोगीं पडली. त्या खेड्यांत या प्रसंगाची स्मरणपाटी बसविली आहे. ती विजयाची नव्हे, भट्टीपाशीं केलेल्या कष्टाची आहे.