कॅरोलिन हर्शेल : आकाशाचा डेटा साफ करणारी बाई

फोनमध्ये आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप असेल तर सर्चमध्ये 'एनजीसी ७७८९' टाकून बघा. शर्मिष्ठा तारकासमूहातला एक तारकागुच्छ उघडेल. तो १७८३ मध्ये कॅरोलिन हर्शेलने शोधला.

मी तिच्यापर्यंत पोचलो ते मात्र कामाच्या वैतागातून. दोन टेबलांमधल्या नोंदी जुळत नव्हत्या, चूक शोधण्यात अख्खा आठवडा गेला. असलं काम आधी कोणी केलंय का हे बघताना तिचं नाव समोर आलं.

जन्म १७५० चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि उंची जेमतेम सव्वाचार फुटांवर थांबली. हिचं लग्न काही होणार नाही, तर घरकामाला राहू दे, असा आईचा हिशोब. १७७२ मध्ये मोठा भाऊ विल्यम तिला इंग्लंडमध्ये बाथला घेऊन गेला, पण त्यासाठी मोलकरणीचे पैसे आईला दरवर्षी द्यायचं त्याला कबूल करावं लागलं. घरात तिची जागा काय होती ते यावरून कळतं.

बाथमध्ये ती गायिका झाली, नावही कमावलं. मग विल्यमला दुर्बिणींचं वेड लागलं आणि गाणं मागे पडलं. आरशाच्या साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळायची, तो तासन्‌तास आरसा घासत बसला की त्याला घास भरवायचे. १७८१ मध्ये विल्यमला युरेनस सापडला आणि पुढच्या वर्षी राजाने त्याला वर्षाला २०० पौंड लावून दिले. रात्री तो दुर्बिणीतून बघून सांगायचा, ही लिहून घ्यायची. १७८३ च्या ३१ डिसेंबरला बर्फात घसरून तिचा पाय दुर्बिणीच्या लोखंडी हुकात अडकला आणि गुडघ्याच्या वर मांसाचा लचका तुटला.

१ ऑगस्ट १७८६ ला, विल्यम जर्मनीला गेलेला असताना, तिला पहिला धूमकेतू सापडला. १७९७ पर्यंत असे आठ. १७८७ पासून तिलाही पगार सुरू झाला, वर्षाला ५० पौंड. भावाच्या पाव पट, पण स्वतःचा!

धूमकेतूंवर सगळेच लिहितात. मला तिचं १७९८ चं काम जास्त भारी वाटतं. जॉन फ्लॅमस्टीडचा ताऱ्यांचा कॅटलॉग म्हणजे त्या काळातला प्रमाण डेटाबेस. पण यादी एका खंडात, मूळ निरीक्षणं दुसऱ्या खंडात आणि दोन्हींना जोडणारं काहीच नाही. तिने एकेक निरीक्षण हाताने ताऱ्याशी जुळवलं, चुकांची यादी काढली, आणि निरीक्षणात असूनही कॅटलॉगमधून सुटलेले साडेपाचशेहून जास्त तारे शोधून काढले. रॉयल सोसायटीने ते छापलं. आणि हे कोणी केलं? जिला पाढे पाठ नव्हते म्हणून पाढ्यांचा कागद कायम जवळ लागायचा, तिने.

१७८८ मध्ये विल्यमचं लग्न झालं आणि ती वेगळी राहू लागली. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या डायऱ्या तिने स्वतःच नष्ट केल्या. लॉगच डिलीट. त्यात कुणाबद्दल काय होतं, याचा अंदाज बांधायला गेलं तर आपणच गोष्ट रचू.

१८२२ मध्ये विल्यम वारला, ती हॅनोव्हरला परतली. वय ७२. तिथे बसून तिने भावाच्या सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांची यादी आकाशातल्या पट्ट्यांनुसार पुन्हा लावली, भाचा जॉनला ते क्रमाने शोधता यावेत म्हणून. थोडक्यात, सॉर्टिंग. या कामासाठी १८२८ मध्ये लंडनच्या खगोल संस्थेने सुवर्णपदक दिलं. ते मिळवणारी पुढची बाई व्हेरा रुबिन, थेट १९९६ मध्ये.

ती स्वतःला भावाची मदतनीसच म्हणवून घ्यायची. मला ते अजिबात पटत नाही.

जॉनने पुढे केलेली यादी वाढत वाढत १८८८ मध्ये एनजीसी झाली. सुरुवातीला टाइप केलेला नंबर तिथलाच. १८४८ च्या जानेवारीत, ९७ व्या वर्षी कॅरोलिन गेली. डिसेंबरात संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठेचा 'एम' दिसतो. लाईटपासून लांब गेलात आणि कुणाची दुर्बीण मिळाली, तर तिचा गुच्छ तिथेच आहे.