विश्लेषण : आधी आकृती, मग कोड… प्रोग्रामचा नकाशा आखणारे जॉन फॉन नॉयमन कोण होते?

सॉफ्टवेअर कंपनीतल्या बैठकीत फळ्यावर चौकटी आणि बाण हमखास दिसतात. शाळेतल्या संगणकाच्या पुस्तकातही फ्लोचार्टचा धडा असतो. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी त्याची आकृती काढावी, ही पद्धत १९४७ मध्ये पहिल्यांदा सविस्तर मांडली गेली. ती मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते विसाव्या शतकातील थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन. त्यांची पद्धत टिकली, मात्र तिच्याबद्दलचा त्यांचा एक अंदाज सपशेल चुकला. आजच्या अभियंत्यांसाठी या दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

बुडापेस्ट ते प्रिन्स्टन…

फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकिंग क्षेत्रात होते. मुलाचा ओढा गणिताकडे, पण पोटापाण्यासाठी काही व्यावहारिक शिक्षणही हवे, असा वडिलांचा आग्रह. त्यामुळे त्यांनी झुरिकमध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि बुडापेस्ट विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. तेव्हा ते पंचविशीतही नव्हते. पुढे गटिंगेन आणि बर्लिन ही त्या काळातील गणिताची मोठी केंद्रे त्यांनी गाजवली. १९३० मध्ये ते प्रिन्स्टनला आले आणि १९३३ मध्ये तेथील इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीचे प्राध्यापक झाले. १९३७ मध्ये त्यांनी अमेरिकी नागरिकत्व स्वीकारले. पुंजभौतिकीचा गणिती पाया आणि खेळ सिद्धान्त यांतील कामामुळे त्यांचे नाव आधीच अजरामर झाले होते.

संगणकाकडे कसे वळले?

युद्धामुळे. १९४३ पासून ते लॉस अॅलामॉस येथील अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार होते. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमध्ये प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी स्फोटाने दाबायचा होता. त्या स्फोटाच्या लहरींचे गणित हाताने सोडवणे जिकिरीचे होते. १९४४ च्या उन्हाळ्यात अॅबर्डीनच्या रेल्वे स्थानकावर त्यांची गाठ लष्करातील गणितज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी पडली. फिलाडेल्फियात ‘एनिअॅक’ नावाचे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र उभे राहत असल्याचे त्यांना तेथे कळले.

सुमारे १८ हजार निर्वात नळ्यांचे हे यंत्र वेगवान होते, पण नवे गणित द्यायचे तर तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत आणि शेकडो बटणे फिरवावी लागत. त्यात दिवसच्या दिवस जात. मग आज्ञाही आकड्यांप्रमाणेच यंत्राच्या स्मृतीत का ठेवू नयेत? जून १९४५ मधील एका अहवालात फॉन नॉयमन यांनी ही रचना मांडली. अहवालावर नाव मात्र त्यांचे एकट्याचेच होते. या विचारमंथनात सहभागी असलेले एनिअॅकचे निर्माते प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांना हे झोंबले. श्रेयाचा हा वाद पुढे कधीच पूर्ण मिटला नाही.

आकृतीची गरज का भासली?

आज्ञा स्मृतीत गेल्या आणि नवाच प्रश्न उभा राहिला. समजा, १०० विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करायची आहे. ‘पुढचे गुण मिळवा’ ही आज्ञा कागदावर एकदाच लिहिली जाते, पण यंत्र ती १०० वेळा पाळते. दर वेळी बेरीज वेगळी, विद्यार्थी वेगळा. त्या काळी तर पुढची संख्या उचलण्यासाठी प्रोग्राम स्वतःचीच आज्ञा बदलत असे. म्हणजे कागदावरचा मजकूर आणि यंत्रात प्रत्यक्ष घडणारी गोष्ट यांत अंतर पडले. नुसती आज्ञांची यादी वाचून प्रोग्राम काय करतो हे सांगणे अवघड झाले.

यावर गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी एप्रिल १९४७ च्या अहवालात ‘फ्लो डायग्राम’चा उपाय सुचवला. त्याचे पुढचे दोन भाग १९४८ मध्ये आले. कारखान्यातील कामाचे टप्पे चिन्हांनी दाखवण्याची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दाम्पत्याने १९२१ मध्येच मांडली होती. इथे मात्र यंत्राच्या आत क्षणोक्षणी बदलणारे आकडे दाखवायचे होते.

या आकृतीत काय असे?

एका प्रकारच्या चौकटीत प्रत्यक्ष आकडेमोड. दुसऱ्या प्रकारच्या चौकटीत ‘जर-तर’चा निर्णय आणि तेथून फुटणारे दोन रस्ते. गुण संपले नसतील तर बाण मागे वळतो, संपले असतील तर पुढे जातो. याशिवाय अमुक ठिकाणी पोहोचल्यावर काय खरे असलेच पाहिजे, हे नोंदवणारी वेगळी चौकट असे. आपल्या उदाहरणात, इथवर आल्यावर हातातील बेरीज आतापर्यंतच्या सर्व विद्यार्थ्यांची आहे, अशी ती नोंद. ती चुकीची ठरली तर प्रोग्राममध्ये चूक आहे, हे यंत्र सुरू करण्याआधीच कळते. अॅलन ट्युरिंग यांनी १९४९ मध्ये प्रोग्राम तपासण्यासाठी अशाच नोंदी वापरल्या. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये त्यांवर प्रोग्रामच्या अचूकतेचे शास्त्र उभे केले.

अंदाज कुठे चुकला?

खरी बुद्धी आकृती काढताना लागते, त्यानंतर कोड लिहिणे हे जवळपास ठरावीक साच्याचे काम, अशी या दोघांची धारणा होती. अनुभव वेगळाच आला. अणुस्फोटातील न्यूट्रॉनचा प्रवास यादृच्छिक आकड्यांच्या साह्याने तपासणारी ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत १९४८ च्या वसंतात एनिअॅकवर चालवली गेली. या गणिताच्या आकृत्या १९४७ मध्येच तयार झाल्या होत्या. त्यांचे कोडमध्ये रूपांतर करण्याच्या कामात मोठा वाटा होता फॉन नॉयमन यांच्या पत्नी क्लारा यांचा. त्यांच्याकडे गणिताची पदवी नव्हती. पहिला आराखडा आणि प्रत्यक्षात चाललेला प्रोग्राम यांच्या दरम्यान बरेच काही बदलले. आकृतीत न दिसणाऱ्या अडचणी कोड लिहिताना आणि यंत्र चालवताना समोर आल्या. साच्याचे वाटलेले काम हाच एक स्वतंत्र व्यवसाय ठरला.

मात्र याच आकृत्यांचा एक वेगळा फायदा पुढे दिसला. त्या आणि हस्तलिखित कोड अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जपले गेले. त्यामुळे अनेक दशकांनंतर संशोधकांना तो प्रोग्राम कसा घडत गेला, हे टप्प्याटप्प्याने उलगडता आले.

अखेरचा काळ…

प्रिन्स्टनमधील त्यांचे यंत्र १९५२ मध्ये जगापुढे आले. त्याच्या रचनेचे अहवाल खुले असल्याने त्याच धर्तीवर देशोदेशी यंत्रे बनली. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ त्यांपैकीच एक. फॉन नॉयमन यांना मात्र तो पाहायला मिळाला नाही. १९५५ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाल्यावर काही महिन्यांतच त्यांना कर्करोगाचे निदान झाले. व्हीलचेअरवरूनही ते बैठकांना जात राहिले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी वॉशिंग्टनमधील लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

आज या वारशाचे महत्त्व काय?

साठच्या दशकात फ्लोचार्टची चिन्हे प्रमाणित झाली. पण १९७५ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांनी त्यातील ढोंगावर बोट ठेवले. अनुभवी प्रोग्रामर आधी कोड लिहितात आणि नियम पाळायचा म्हणून आकृती नंतर काढतात, असे त्यांचे निरीक्षण होते. तरीही आकृत्या संपल्या नाहीत. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या पुढाकारातून आलेली ‘यूएमएल’ ही चित्रभाषा १९९७ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यातील ‘अॅक्टिव्हिटी डायग्राम’ हा फ्लोचार्टचाच वंशज. कोड बदलला पण आकृती तशीच राहिली, तर ती दिशाभूल करते. कोडसोबत आकृतीही बदलत गेली, तर ती लिहिणाऱ्याला विचार करायला लावते आणि नंतर येणाऱ्याला वाट दाखवते. १९४७ च्या त्या चौकटींचे मोल आजही एवढ्यासाठीच आहे.