बोरीबंदरचा शिल्पसंसार

मुंबईच्या गॉथिक वास्तूंशी ज्यांचे नाव कायमचे निगडित झाले, ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स इंग्लंडातील बाथ येथे १८४७ मध्ये जन्मले आणि विशीतच, १८६७ साली, सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरीबंदरच्या स्थानकाचे काम त्यांच्यावर सोपविले. युरोपातील स्थानके पाहून येऊन त्यांनी आराखडे केले. १८७८ मध्ये सुरू झालेले हे काम १८८८ मध्ये संपले. खर्च सोळा लाखांवर गेला.

अलंकरण म्हणजे इमारत उठल्यावर चढवावयाचा दागिना, असे स्टीव्हन्स यांनी मानले नाही. स्तंभशीर्षे भार पेलतात आणि पानाफुलांनी बहरतातही. छपरावरील पशुमुखे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकतात. कुर्ल्याचा दगड आणि इटलीचा संगमरवर येथे एकाच रचनेत नांदतात. घुमटावरील प्रगतीची मूर्ती टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची असली, तरी कोरीव कामाचा मोठा भाग मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केला. याचे श्रेय पुष्कळदा लॉकवुड किपलिंग यांना दिले जाते. परंतु ते १८७५ मध्येच लाहोरला गेले होते. ग्रिफिथ्स त्याच काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते, हे लक्षात घेतले म्हणजे बोरीबंदरच्या दगडांतील मोर आणि माकडे इतकी परिचयाची का वाटतात, याचा उलगडा होतो.

दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे आहेत. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई त्यांत आहेत. दगड घडविणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र तेथे स्थान नाही.

मालवणकडच्या माणसाला ही वास्तू दीर्घकाळ परकीच होती. तो बोटीने येई व धक्क्यावर उतरे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली, तेव्हा कट्ट्याचा प्रवासी कुडाळला गाडीत बसून थेट बोरीबंदरला उतरू लागला. त्याच्या वाटेवरील कोकणच्या काही स्थानकांना अलीकडे नवी दर्शनी सजावट लाभली. ती आली स्थानके उभी राहून पंचवीसेक वर्षे लोटल्यावर. स्थानिक कारागिराला आराखड्याच्या वेळीच बोलावले असते, तर जांभा दगड आणि सावंतवाडीचे लाकूडकाम यांचा विचार मूळ बांधणीतच झाला असता, आणि तो फार खर्चिकही ठरला नसता.

स्टीव्हन्स यांनी पुढे महापालिकेची इमारत बांधली, चर्चगेटला दुसऱ्या रेल्वेचे मुख्यालय उभारले आणि १९०० मध्ये, वयाच्या बावन्नाव्या-त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईतच हिवतापाने देह ठेवला. त्यांचे दफन शिवडीच्या दफनभूमीत झाले.