पाचगणीचा बकी आणि टीव्हीवरची गाणी



गुरुवारची रात्र म्हणजे आपल्या कतारवासीयांची शनिवार रात्र. दुसऱ्या दिवशी सुट्टी, मुलं झोपलेली, जेवणं आटोपलेली. मदिनत खलीफातल्या घराघरांतून, मग तो फ्लॅट असो नाहीतर व्हिलाचं पार्टिशन, टीव्हीवर कुठलीतरी इंग्रजी मालिका चालू असते. आपण अर्धे तिच्यात आणि अर्धे मोबाईलमध्ये. आणि अचानक मागे एक गाणं सुरू होतं. अरे! हे तर आपलं गाणं! इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये लॅनवरून ढापलेल्या फोल्डरमधलं, सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वाजता वाजणारं. मालिकेत काय चाललंय ते मग बाजूलाच राहतं.

माझ्या बाबतीत हे गाणं दहातल्या सात वेळा 'क्वीन' या बँडचं असतं. यात माझ्या नशिबाचा काही भाग नाही, कारण या बँडची गाणी मालिका-सिनेमावाल्यांची फार लाडकी आहेत. 'हायलँडर' ही मालिका १९९२ ते १९९८ चालली, तिचं शीर्षकगीतच क्वीनचं. 'ग्ली' मालिकेतल्या मुलांनी २०१० साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गाऊन दाखवलं. 'शॉन ऑफ द डेड' या २००४ सालच्या सिनेमात झोंबीची धुलाई क्वीनच्या तालावर होते. २०१९ साली आलेल्या 'गुड ओमेन्स'मध्ये तर गंमतच आहे. त्यातल्या सैतानाच्या गाडीत कुठलीही कॅसेट काही दिवस पडून राहिली की तिची आपोआप क्वीनची कॅसेट होते!

आता ही गाणी गाणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यात शिकला होता, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल, काहींना नसेल. म्हणून आज फ्रेडी मर्क्युरीची गोष्ट सांगतो. ती जरा आपलीही गोष्ट आहे, का ते पुढे येईलच.

फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबारचा. वडील बोमी बलसारा मूळचे गुजरातमधल्या बलसाडकडचे पारशी. आडनाव गावावरूनच आलेलं. ब्रिटिश सरकारच्या नोकरीत ते झांजिबारच्या हायकोर्टात कॅशियर होते. आई जेर, धाकटी बहीण कश्मीरा. म्हणजे बघा, चांगल्या नोकरीसाठी समुद्र ओलांडलेला माणूस, सरकारी पगार, हाताखाली नोकरचाकर, आणि मुलाच्या शिक्षणाची चिंता. ओळखीचं वाटतं ना?

त्या चिंतेवर बलसारांनी काढलेला उपायही आपल्या आखातातल्या जुन्या मंडळींना ओळखीचा आहे: मुलाला देशात बोर्डिंगला ठेवायचं. फारुख आठ वर्षांचा असताना बोटीने मुंबईला आला आणि १९५५ च्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. घरी जायचं तर पुन्हा बोटीचा लांबचा प्रवास, त्यामुळे सुट्ट्या बऱ्याचदा मुंबईत मावशीकडे आणि आजीकडे जात. आठ वर्षांचं पोर! आपली आठ वर्षांची मुलं इथे शाळेच्या बसमधून उतरताना पाण्याची बाटली विसरतात, ती आपण शोधत बसतो.

पाचगणीत तो 'फ्रेडी' झाला. शाळेतलं दुसरं नाव 'बकी', कारण त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते. तोंडात चार दात जास्तीचे होते. हे दात त्याने पुढे प्रसिद्धी आणि पैसा मिळाल्यावरही काढून घेतले नाहीत. जास्तीच्या दातांमुळे तोंडात जागा जास्त आहे आणि आवाजाला फायदा होतो, असं त्याला वाटायचं. पण हसताना ओठ खाली ओढून दात झाकायची सवय मात्र आयुष्यभर राहिली. जुन्या मुलाखतींच्या चित्रफिती पाहिल्यात तर ती लगेच दिसेल.

अभ्यासात सुरुवातीला चांगला, टेबल टेनिसमध्ये पटाईत, बॉक्सिंगही करायचा. १९५८ साली त्याला शाळेची ज्युनियर ऑलराउंडर ट्रॉफी मिळाली. त्याची गाण्यातली गती पाहून हेडमास्तरांनी घरी पत्र पाठवलं, की थोडी जास्त फी भरून मुलाला पियानो नीट शिकवावा. आईवडिलांनी फी भरली. पुढे जे काही घडलं त्याची पहिली गुंतवणूक हीच म्हणायची! तो पियानोच्या चौथ्या परीक्षेपर्यंत पोहोचला. मुंबईत आणि पाचगणीत कानावर पडणारी हिंदी सिनेमाची गाणीही होतीच. लहानपणी त्याच्यावर लतादीदींच्या गाण्याचा प्रभाव होता असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं.

बाराव्या वर्षी पाच मुलांनी मिळून शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड आणि लिटिल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. पुढे उभा राहून गायचा तो ब्रूस मरे. आपला बकी मागे पियानोवर! बँडमधल्या इतरांचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधल्या शांतिसेनेचा प्रमुख होता. गिटार वाजवणारा डेरिक ब्रँच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. १९७९ ते १९८२ या काळात तिथे 'ओन्ली व्हेन आय लाफ' नावाची हॉस्पिटलवरची विनोदी मालिका गाजली, तिच्यात तो नर्सचं काम करायचा. त्या नर्सचं नाव काय असावं? गुप्ते! पाचगणीच्या शाळेतला गिटारवाला ब्रिटिश टीव्हीवर 'गुप्ते' म्हणून घरोघरी पोहोचला. टीव्ही कुठे काय भेटवेल सांगता येत नाही.

१९६३ साली फ्रेडी झांजिबारला परतला. शेवटी शेवटी अभ्यासाची घसरण झाली होती. आणि मग जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली. हजारो माणसं मारली गेली, त्यांत अरब आणि भारतीय वंशाचे कितीतरी लोक होते. बलसारा कुटुंब मोजकं सामान घेऊन इंग्लंडला निघून गेलं. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा. १९९० साली कुवेतहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरलेली मंडळी आपल्या ओळखीत अजून आहेत. भरलेलं घर आहे तसं टाकून निघणं म्हणजे काय, हे त्यांना विचारावं.

लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम नावाच्या उपनगरात एक साधंसं घर मिळालं. नोकरचाकर संपले. फ्रेडीने हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं. आधी आयलवर्थला आणि मग ईलिंगच्या आर्ट कॉलेजात शिकून १९६९ मध्ये ग्राफिक आर्टचा डिप्लोमा घेतला. केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलर या मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा स्टॉल टाकला. दोनतीन बँडमधून गाऊन पाहिलं, जमलं नाही.

१९७० मध्ये रॉजर आणि ब्रायन मे यांच्या बँडचा गायक सोडून गेला आणि फ्रेडी त्या जागी आला. बँडचं नाव 'क्वीन' त्याने ठेवलं. स्वतःचं आडनावही त्याच सुमारास बदलून मर्क्युरी केलं. चौघांच्या राशींची चित्रं घेऊन बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं. दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. कन्या रास स्वतः फ्रेडीची. डिप्लोमा वाया गेला नाही!

आपल्या इंजिनिअर मंडळींसाठी खास माहिती: १९७१ मध्ये चौथा म्हणून आलेला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटमधून त्याने बनवलेला छोटासा अँप्लिफायर बँडने वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरला. ब्रायन मेने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच बनवली, तीही जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. खगोलशास्त्रातली अर्धवट राहिलेली त्याची पीएचडी २००७ साली पूर्ण झाली.

आता टीव्हीकडे येतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात डेव्हिड बोवीची फिल्म वेळेवर मिळाली नाही, म्हणून ऐनवेळी क्वीनला बोलावलं गेलं. लोकांनी त्यांना पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं ते असं, दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर.

पुढच्याच वर्षी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद, म्हणजे त्या वेळच्या रेडिओच्या हिशेबाने दुप्पट. मधला ऑपेरासारखा भाग रेकॉर्ड करायलाच तीन आठवडे लागले. टेपवर ट्रॅक फक्त २४. तेव्हा कॉपी-पेस्ट नव्हतं. तीन माणसांनी गायचं, ते सगळं एका ट्रॅकवर उतरवायचं, वर पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. असे थर देता देता टेप इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं. त्याच भागात 'बिस्मिल्ला' हा शब्द येतो. इथे दोहात रोज ऐकू येणारा हा शब्द झांजिबारच्या गल्ल्यांतही रोजचाच होता. तो फ्रेडीच्या डोक्यात कुठून आला असेल, याचा आपण फक्त अंदाज करायचा.

हे गाणं कार्यक्रमात उभं राहून करून दाखवणं अशक्य, म्हणून बँडने स्वतःची फिल्म बनवली. चारेक तासांत चित्रीकरण उरकलं आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये ती टीव्हीवर लागली. गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाण्याबरोबर व्हिडिओ हवाच, ही पद्धत पक्की होण्यात या फिल्मचा मोठा वाटा मानतात.

टीव्हीने दिलं तसं नेलंही. १९८४ मध्ये ब्रिटनच्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या घरगुती मालिकेची थट्टा करताना चौघांनी बायकांचे कपडे घातले. फ्रेडी मिशी तशीच ठेवून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय! ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत मात्र अनेकांना हे रुचलं नाही आणि तिथली लोकप्रियता घसरली. मग १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड' झालं, इथिओपियाच्या दुष्काळासाठी. वेम्बलीला ७२ हजार लोक समोर, शिवाय शंभराहून अधिक देशांत थेट प्रक्षेपण. क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं. फ्रेडीने हात वर केला की अख्खं स्टेडियम हात वर करत होतं. पाचगणीत मागे बसणारा मुलगा तो हाच!

१९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल, पुरुषांशी असलेल्या नात्यांबद्दल वर्तमानपत्रं वाट्टेल ते छापत होती. तो गप्प राहिला आणि काम करत राहिला. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सेलोना' हा अल्बम १९८८ मध्ये केला. मे १९९१ च्या शेवटच्या व्हिडिओत तो इतका खंगलेला होता की तो कृष्णधवल दाखवला गेला. आजार त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यविधी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी केले. त्याच वर्षी भारतात स्टार टीव्ही सुरू झाला होता. म्हणजे केबलने त्याला आपल्या घरात आणलं, तेव्हा तो नव्हता.

आता मुद्द्याचं. असं काही वाचलं की आपल्याला लगेच 'आमचा माणूस' म्हणायची घाई होते. पण फ्रेडी मराठी नव्हता, आणि भारताबद्दल तो मुलाखतींत जवळजवळ बोलतच नसे. त्याच्या हयातीत क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही. तो पारशी आहे हे बऱ्याच चाहत्यांना तो गेल्यावरच कळलं. सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये आशियाई लोकांना मिळणारी वागणूक पाहिली तर त्याचं गप्प राहणं समजू शकतं. पण आईवडिलांचं घर त्याने सोडलं नाही, तिथे तो जातयेत राहिला.

हे सांगायचं कारण, आपली मुलं. इथल्या शाळेत 'अनिरुद्ध'चा 'अ‍ॅनी' होतो, 'शर्वरी'ची 'शॅरी' होते, आणि घरी आपल्याला ते लागतं. मलाही लागतं, माझा मुलगा शाळेत स्वतःचं नाव वेगळं सांगतो. फारुखचा फ्रेडी पाचगणीतच झाला, परदेशात नव्हे. नाव त्याने टाकलं, पण पियानोची ती जास्तीची फी शेवटपर्यंत वाजत राहिली. आपण मुलांना काय बांधून देतो आणि त्यातलं ती काय ठेवतात, हे आपल्या हातात फारसं नसतं. त्यांनी आपलं नाव मोठं करावं म्हणून शिकवू नये, एवढं मात्र मला या गोष्टीतून पटलं. शिकवायचं ते त्यांना त्याचा आनंद आहे म्हणून.

असो! लेख लांबला. या सुट्टीत देशात गेलात आणि महाबळेश्वरला निघालात, तर स्ट्रॉबेरी क्रीम खायला थांबाल तेव्हा मुलांना पाचगणीची ही गोष्ट जरूर सांगा. आणि तुम्हालाही एखाद्या मालिकेत तुमचं जुनं गाणं असं अवचित भेटलं असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटून सांगा. चहा माझ्याकडून!



(मदिनत खलीफा, दोहा)