तपकिरी फटाकडीला 'अकूल' हे नाव देणारा कर्नल साइक्स कोण होता?

रंकाळ्यावर किंवा कळंबा तलावाच्या काठावर गवतातून एखादा पक्षी शेपूट उडवत बाहेर येतो आणि मोबाईल काढेपर्यंत गायब होतो. धूसर फोटो ग्रुपवर पडला की वाद ठरलेला. पाणकोंबडी की फटाकडी?

यातल्या तपकिरी फटाकडीची विज्ञानात पहिली नोंद केली एका फौजी माणसानं. विल्यम हेन्री साइक्स.

जन्म १७९० चा. पोरवयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टननं त्याला दख्खनची मोजदाद करायला नेमलं. गावं, जमीन, माणसं, पिकं सगळं मोजायचं. (नव्यानं हाती आलेल्या मुलखातून सारा वसूल करायचा होता, हे उघड आहे.) १८२९ च्या अखेरीस ते पदच रद्द झालं. तरी साइक्स थांबला नाही, त्यानं १८३१ पर्यंत काम चालू ठेवलं.

या भटकंतीत तो पक्षीही जमवत होता. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनं त्याची यादी छापली. दोनशेहून जास्त पक्षी, त्यातले पन्नासवर विज्ञानाला नवे. आपल्या बांधावरची ढोकरीसुद्धा! अर्थात, इथल्या शेतकऱ्याला ती आधीपासून माहीत होतीच. नावंही बघा: एका चंडोलाला 'देवा', एका वटवट्याला 'रामा'. एका रातव्याच्या नावात तर थेट मराठे आहेत. फटाकडीला त्यानं 'अकूल' म्हटलं.

ही ओळखायची कशी? अंगावर खूण नसणं हीच तिची खूण. पाठ तपकिरी, चेहरा आणि छाती राखाडी, चोच हिरवट, कुशीवर एकही पट्टा नाही. पट्टे आणि पाठीवर पांढरे ठिपके दिसले तर ती छोटी बेलॉनची फटाकडी. छाती तांबडी असेल तर तांबड्या छातीची. चेहरा-छाती पांढरीशुभ्र आणि शेपटीखाली विटकरी असेल, तर ती नेहमीची पाणकोंबडी.

साइक्स पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला, ब्रिटिश खासदार झाला आणि १८७२ मध्ये वारला. त्याच्या 'अकूल'ला मात्र शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं पाणकोंबडीच्याच कुळीत ठेवलं होतं. अलीकडे तिला तिथून काढून फटाकड्यांमध्ये बसवलंय.