जोसेफ ब्रुसार : हद्दपारीशी झुंजलेला अकेडियन
समुद्राला बांध घालून शेती करणाऱ्या फ्रेंचभाषक अकेडियन समाजात, आजच्या कॅनडातील पोर्ट रॉयल येथे १७०२ मध्ये जोसेफ ब्रुसार यांचा जन्म झाला. १७१३ मध्ये हा मुलूख ब्रिटिशांकडे गेला. राजनिष्ठेची बिनशर्त शपथ अकेडियनांनी नाकारली. अखेर १७५५ मध्ये उपगव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स यांनी त्यांच्या हद्दपारीचा निर्णय घेतला. घरे जाळण्यात आली. माणसे जहाजांत कोंबून दूरच्या वसाहतींत विखुरण्यात आली.

कैदेत असलेले ब्रुसार त्याच ऑक्टोबरमध्ये फोर्ट लॉरेन्समधून ८० हून अधिक साथीदारांसह निसटले. मिकमॅक आदिवासींच्या साथीने त्यांनी चार वर्षे गनिमी काव्याने लढा दिला. त्यांचे हात स्वच्छ होते असे नाही. १७५१ च्या डार्टमाउथवरील हल्ल्यात नागरी वस्तीतील माणसेही मारली गेली होती. मात्र १७५९ मध्ये पन्नाशी उलटलेला हा शेतकरी शरण आला तो उपासमारीमुळे, तोफांमुळे नव्हे.

सुटकेनंतर, १७६४ च्या अखेरीस सुमारे २०० जणांसह त्यांनी हॅलिफॅक्स सोडले. फेब्रुवारी १७६५ मध्ये ते न्यू ऑर्लिन्सला पोहोचले. एप्रिलमध्ये अटाकापास भागातील अकेडियनांचे प्रमुखपद त्यांना मिळाले आणि ऑक्टोबरमध्ये, साथीच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले. नव्या भूमीतले पहिले वर्षही त्यांना पुरते लाभले नाही. लुइझियानातील अनेक ‘केजन’ कुटुंबे आजही आपला वंश त्यांच्यापर्यंत नेऊन भिडवतात.